निबल: बाइटचा अर्धा घास

उंदीर खातो तसं, दातांच्या टोकांनी थोडं थोडं कुरतडत खाणं म्हणजे इंग्रजीतलं ‘निबल’. उत्तर जर्मनीतल्या बोलींत कुरतडण्यासाठी जवळपास असाच शब्द आहे. बहुधा तिकडूनच तो इंग्रजीत आला. संगणकात मात्र तो शिरला बाइटचं बोट धरून.

१९५६ साली आयबीएममध्ये ‘स्ट्रेच’ या महासंगणकाचं काम चालू होतं. ० किंवा १ एवढीच माहिती धरणाऱ्या ‘बिट’चं नाव तोवर रुळलं होतं. अशा अनेक बिटांच्या गटाला वर्नर बुखोल्झ यांनी घास या अर्थाचं ‘बाइट’ हे नाव दिलं. पण इंग्रजीत त्या शब्दातलं शेवटचं अक्षर चुकून गळलं की उरतं ‘बिट’! म्हणून त्यांनी मधल्या ‘आय’च्या जागी ‘वाय’ घातला. तेव्हा बाइटचा आकार ठरलेला नव्हता. आयबीएमच्याच १९६४ सालच्या सिस्टिम ३६० नंतर आठ बिटांचा बाइट सर्वमान्य होत गेला. घासाच्या निम्मं ते निबल, म्हणजे चार बिट. काहींनी त्याचंही स्पेलिंग हौसेनं ‘वाय’ घालून केलं.

नाव गमतीचं असलं तरी चार हा आकडा फार कामाचा आहे. तीन बिटांच्या जुळण्या होतात आठ, आणि आपल्याला ० ते ९ असे दहा अंक लिहायचे असतात. चार बिटांच्या सोळा होतात. त्यामुळे एका निबलमध्ये एक अंक नीट बसतो, एका बाइटमध्ये दोन. ४७ लिहायचे तर ०१०० आणि ०१११. हिशेबाच्या यंत्रांना हे फारच सोयीचं. इंटेलचा १९७१ सालचा ४००४ हा प्रोसेसर बिझीकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनला आणि तो एका वेळी चारच बिट हाताळायचा.

दहा अंक लिहून सहा जुळण्या उरतात. त्यांना ए ते एफ ही अक्षरं दिली की सोळा चिन्हांची हेक्साडेसिमल पद्धत तयार होते. तिचं प्रत्येक चिन्ह म्हणजे एक निबल, म्हणून बिटांची लांबलचक रांग माणसाला वाचता येते. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये आपल्या ‘घ’चा हेक्साडेसिमल क्रमांक ०९१८ आहे. तो बिटांत उलगडायला आकडेमोड लागत नाही, एकेक चिन्ह सुटं केलं की झालं: ०००० १००१ ०००१ १०००. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत हाच ‘घ’ ई० ए४ ९८ असा साठवला जातो. तीन बाइट, सहा निबल.