दुभंगलेल्या ओठ-टाळूचे ऊतिनमुने

ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांवरील शस्त्रक्रियेत निघणारी, एरवी कचऱ्यात जाणारी ऊती संशोधनासाठी जपून ठेवण्याची पद्धत. साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. ओठ जोडण्याआधी सर्जन फटीच्या कडा कापून नीट करून घेतात. त्यात त्वचेची, कधी स्नायूची, काही मिलिमीटरची पट्टी निघते. नमुना म्हणजे तीच. त्यासाठी बाळाला वेगळा काप द्यावा लागत नाही.

पट्टी निघाली की घाई असते, कारण आरएनए, म्हणजे जनुक चालू असताना त्यावरून बनणारा रेणू, लवकर नासतो. ती लगेच जतनद्रावात बुडवतात आणि पुढे उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. जिवंत पेशी वाढवायच्या असतील तर तुकडा न गोठवता पोषकद्रवात घालून प्रयोगशाळेत धाडावा लागतो. नळीवर मुलाचे नाव नसते, संकेतांक असतो.

मग लाळेवर किंवा रक्तावर का भागत नाही? आईवडिलांकडून आलेले जनुकीय बदल त्यांतही सापडतात. पण काही बदल गर्भात, एखाद्याच भागातल्या पेशींत घडतात. चेहऱ्यावर लालसर डाग असणाऱ्या स्टर्ज-वेबर विकाराचे मूळ, जीएनएक्यू जनुकातला बदल, २०१३ मध्ये हाती लागले ते बाधित त्वचा आणि मेंदूची ऊती तपासल्यामुळेच. शिवाय कोणते जनुक कुठे चालू आहे, हे ती ऊतीच सांगू शकते.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाचा ‘क्लेफ्ट कलेक्टिव्ह’ प्रकल्प अशी ऊती, मुलांचे रक्त आणि आईवडिलांची लाळ गोळा करतो. नुसता ओठ, नुसती टाळू आणि दोन्ही दुभंगलेले असणे या तीन प्रकारांत डीएनएच्या मिथिलीकरणात, म्हणजे जनुके चालू-बंद ठेवण्यात भाग घेणाऱ्या डीएनएवरील रासायनिक खुणांत, फरक असल्याचे त्यातल्या नमुन्यांवरून २०१७ मध्ये दिसले. या निष्कर्षांना एक मर्यादा मात्र कायम राहते. ओठ-टाळू गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात आणि नमुना मिळतो तो जन्मानंतर काही महिन्यांनी. त्यामुळे दिसलेला फरक फटीचे कारण की परिणाम, हे त्यावरून ठरवता येत नाही.

टाकाऊ असली तरी ही ऊती मुलाची आहे. लिव्हरपूलच्या आल्डर हे रुग्णालयात मृत बालकांचे अवयव पालकांना न सांगता ठेवल्याचे उघड झाले, त्यानंतर २००४ चा मानवी ऊती कायदा आला. लहान मुलाची संमती पालक देतात; तेही बहुधा बाळाचे दूध आणि शस्त्रक्रियेची तारीख यांची काळजी डोक्यावर असताना, म्हणून नकार दिल्यास उपचारांत फरक पडणार नाही हे आधीच स्पष्ट करावे लागते. संमती पुढे मागे घेता येते. उरलेला नमुना तेव्हा नष्ट करता येतो, पण त्यावरून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मागे घेता येत नाहीत.