लॉरिस गिलेन: नटी ते डायरेक्टर, मागची गोष्ट

फिलिपिनो सिनेमा म्हटलं की आपल्याकडच्या फेस्टिवलच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मंडळींना लिनो ब्रोका हा डायरेक्टर माहीत असतो, ब्रिलांते मेंडोझा माहीत असतो, आणि लाव डियाझचे आठ-आठ तासांचे पिक्चर न बघताच त्यांच्यावर भरभरून बोलणारेही भेटतात. लॉरिस गिलेन हे नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. तिकडे मनिलात विचाराल तर नटी म्हणून, डायरेक्टर म्हणून, टीव्ही सिरियलवाली म्हणून, अशी तीन-तीन प्रकारे ओळखणारी माणसं निघतील. हे सगळं एकाच बाईच्या नावावर कसं जमा झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

जन्म 1947 चा, बुतुआनचा, म्हणजे पार दक्षिणेकडे मिंदानाव बेटावर. सेबूच्या कॉलेजात इंग्लिश घेऊन बीए, आणि मग मनिलाच्या अतेनेओ युनिव्हर्सिटीत पुढचं शिकायला गेली ते चक्क गणित! तिथून नाटक, नाटकातून टीव्ही, टीव्हीवरून सिनेमा. आपल्याकडेही बँकेत नोकरी करता करता प्रायोगिक नाटकात घुसलेली माणसं आपण पाहिलीयेत, त्यामुळे यात फार आश्चर्य वाटायला नको, पण गणित म्हटल्यावर मला जरा मजा वाटली.

आता तो काळ बघा. सांपागिता, एलव्हीएन वगैरे जुने मोठे स्टुडिओ साठच्या दशकात ढेपाळले होते, छोटे छोटे प्रोड्यूसर आले होते आणि अंगप्रदर्शनवाल्या सिनेमांचं पीक आलं होतं, त्यांना तिकडे बोम्बा म्हणायचे. सप्टेंबर 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, वर्तमानपत्रं बंद, एबीएस-सीबीएन हे टीव्ही नेटवर्क बंद, सेन्सॉर एकदम कडक. आणि नेमक्या याच गुदमरलेल्या वर्षांत ब्रोका, इश्माएल बेर्नाल, माइक दे लिओन ही मंडळी एकामागून एक तगडे सिनेमे काढत होती, ज्याला तिकडे आता दुसरा सुवर्णकाळ म्हणतात. ब्रोकाचा 1974 चा ‘तिनिम्बांग का ङुनित कुलांग’ (तो ङ उच्चारताना जीभ वळत नाही, माहितीये) हा त्यातला एक सुरुवातीचा मोठा पिक्चर, एका गावाच्या ढोंगीपणावरचा, आणि त्यात मिलाग्रोस नावाच्या मुलीच्या रोलमध्ये होती लॉरिस. ब्रोकाच्या सेटवर जे शिकायला मिळतं ते कुठल्या क्लासात मिळणार होतं?

बायका डायरेक्टर तिकडे आधी नव्हत्याच असं नाही हां. कार्मेन कोंचाने 1939 मध्येच सिनेमा केला होता, पुढे सुसाना दे गुझमानने एलव्हीएनसाठी बरेच केले. पण त्या एकेकट्या. 1980 साली मात्र गंमत झाली. त्याच एका वर्षात लॉरिसचा पहिला सिनेमा ‘कासाल?’ आला (अर्थ ‘लग्न?’, प्रश्नचिन्हासकट, यातच काय ते आलं) आणि मारिलू दियाझ-आबायाचा ‘ब्रुटाल’ही आला. दोघींच्या विषयात संसार आणि नवरा-बायको, पण बघणारी नजर बाईची. ‘ब्रुटाल’ रिकी लीने लिहिलेला. हा रिकी ली मार्शल लॉमध्ये जेलमध्ये जाऊन आलेला माणूस, आणि पुढच्याच वर्षी त्याने लॉरिससाठी जे लिहिलं ते ‘सालोमे’.

‘सालोमे’वर थोडं थांबतो, कारण माझ्या मते तिच्या अख्ख्या करिअरची किल्ली इथे आहे. एका गावात एका बाईच्या हातून बाहेरून आलेल्या पुरुषाचा खून होतो. का? तिची अब्रू जात होती म्हणून, की दोघांचं काही चाललं होतं म्हणून? एकच प्रसंग वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून परत परत येतो आणि प्रत्येक वेळी ती बाई वेगळीच दिसते, कधी बिचारी, कधी चवचाल. कुरोसावाच्या ‘राशोमोन’ची आठवण येणारच, पण इथे डाव सगळा त्या एका बाईवरच आहे, गावाला तिच्याबद्दल काय मानायचंय यावर. आणि माझा असा अंदाज आहे बरं का, की ही गोष्ट नटीच्या हातात जास्त चांगली पडते, कारण दुसऱ्यांनी आपल्याला कसं कसं रंगवलंय तेच रोज करून दाखवणं हा तर नटीचा धंदा. सालोमेचं काम केलं जीना आलाहारने आणि नवऱ्याचं जॉनी देल्गादोने, जो खऱ्या आयुष्यात लॉरिसचा नवरा, आणि बेन फेलेओ या डायरेक्टरचा मुलगा. जीनाला आधी ‘ब्रुटाल’साठी आणि मग लागोपाठ ‘सालोमे’साठी बेस्ट अॅक्ट्रेसचं गावाद उरियान मिळालं, हे तिकडच्या समीक्षकांचं अवॉर्ड. या जीनाला लक्षात ठेवा, ती परत येणारे.

1983 चा ‘इनित सा मागदामाग’ पण त्याच रांगेतला. लिहिला राक्वेल विल्याविसेन्सियोने, लोर्ना तोलेन्तिनो हिरोईन. बाई ज्या पुरुषासोबत असेल त्याला हवी तशी होत जाते, आणि मग दोन पुरुषांमध्ये सापडते. परत तेच, ही बाई नक्की कोण आणि कुणाच्या नजरेतून. 84 साली ‘कुंग माहावी मान आंग उलाप’ केला, तो बऱ्यापैकी मेलोड्रामा. त्याच वर्षी ती परत कॅमेऱ्यासमोरही आली, माइक दे लिओनच्या ‘सिस्टर स्टेला एल.’मध्ये. विल्मा सांतोस ही तरुण नन, कामगारांच्या संपात ओढली जाणारी, आणि लॉरिस तिच्या आधीच त्या लढ्यात उतरलेली दुसरी नन, तिचंही नाव स्टेलाच. मार्कोस अजून खुर्चीत होता आणि हे लोक संपावर पिक्चर काढत होते, तो व्हेनिसच्या स्पर्धेतही गेला.

मग 1993. दोल्झुरा कोर्तेस ही आपल्याला एड्स झालाय हे उघडपणे सांगणारी फिलिपिन्समधली पहिली बाई, ती गेल्यावर लगेचच तिच्यावरचा सिनेमा लॉरिसने केला, लिहिला परत रिकी लीने, आणि दोल्झुराचं काम विल्मा सांतोसने. एड्स झालेल्या बाईबद्दल लोक काय काय बोलत असतील ते सांगायला नको, आपल्याकडेही त्या काळात काय वेगळं होतं. म्हणजे सालोमेसारखंच झालं, गाव बोलतंय आणि बाई मधे उभी, फक्त ही बाई खरी होती.

यानंतर सिनेमात मोठी गॅप. लॉरिस धर्माकडे वळली होती, मेरी मातेची भक्ती वगैरे, आणि हा भाग तिचे जुने चाहते जरा नाक मुरडूनच सांगतात. परत आली ती 2000 मध्ये ‘तांगिंग यामान’ घेऊन, नावच मुळी चर्चमध्ये गातात त्या गाण्याचं. म्हातारी आई, विसरायला लागलेली, तीन मुलं, एक गावात आईजवळ, बाकीचे दूर, आणि मधे जमिनीचा वाद. अहो हे तर सातबारा समोर ठेवून भांडणाऱ्या आपल्या कुठल्याही घरात घडू शकतं! आई झाली ग्लोरिया रोमेरो, जॉनी देल्गादो एक मुलगा. त्या वर्षीच्या मेट्रो मनिला फेस्टिवलमध्ये बेस्ट पिक्चर, लॉरिसला बेस्ट डायरेक्टर, ग्लोरियाला बेस्ट अॅक्ट्रेस. हा फेस्टिवल म्हणजे ख्रिसमसला थेटरांत फक्त देशी पिक्चर लागतात तो, त्यामुळे घरच्या घर बघायला गेलं. ‘सालोमे’वाल्यांना हा फार गोड वाटतो, मलाही थोडा वाटतो, पण आईसमोरचं ते भांडण बघताना घशात काहीतरी अडकतंच.

पुढचे पटकन सांगतो. न्यूयॉर्कमधल्या फिलिपिनो मित्रांवरचा ‘अमेरिकन आडोबो’, मग 2004 चा ‘सांता सांतिता’, ज्यात मनिलातल्या कियापो चर्चबाहेर पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या बायका आहेत, म्हणजे श्रद्धा आणि धंदा एकाच पायरीवर, हा मला फार आवडतो. 2009 मध्ये जॉनी गेला. 2010 मध्ये ‘सायो लामांग’. यादरम्यान 2005 मध्ये सिनेमालाया हा इंडी फेस्टिवल सुरू झाला, निवडलेल्या सिनेमाला पाच लाख पेसो द्यायचे आणि नव्या पोरांनी त्यात पिक्चर काढायचा, तर त्या फेस्टिवलचा कारभार बघणाऱ्यांत लॉरिस वर्षानुवर्षं होती. स्वतः स्टार घेऊन मेलोड्रामा करणारी बाई डिजिटल कॅमेरा घेऊन झोपडपट्टीत शूट करणाऱ्या पोरांच्या मागे उभी, हे मला भारी वाटतं.

आणि टीव्ही. तिकडे सिरियलला तेलेसेर्ये म्हणतात आणि जीएमए चॅनलचा दुपारचा स्लॉट म्हणजे आपल्या दुपारच्या मालिकांसारखाच, रडारड, वारसाहक्क, खलनायिका. लॉरिसने 2013 मध्ये याच चॅनलवर, पण रात्रीच्या स्लॉटला, ‘आकिन पा रिन आंग बुकास’ केली, लोवी पो या नटीला घेऊन. सिनेमात नाव कमावलेला माणूस मालिका करायला लागला की आपण लगेच ‘अरेरे’ म्हणतो, पण तिकडे तसं फार मनावर घेत नाहीत, रोजच्या कामाचा पैसा टीव्हीत आहे आणि नट-नट्याही त्याच. शिवाय लॉरिस आली होतीच टीव्हीवरून.

तर ती जीना आलाहार. बालकलाकार म्हणून सुरुवात, मग ‘ब्रुटाल’, ‘सालोमे’, दियाझ-आबायाचाच ‘मोराल’, ब्रोकाचा ‘बायान को’, आणि मग तीही डायरेक्टरच्या खुर्चीत, पण मुख्यतः टीव्हीच्या. 2019 मध्ये जीएमएवर तिची ‘प्रिमा डोनास’ सुरू झाली, सरोगसीतून जन्मलेल्या तीन बहिणींची गोष्ट, मधे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली, परत सुरू झाली, आणि 2022 मध्ये दुसरा भागही आला. त्याच 2022 साली रिकी लीला आणि मरणोत्तर मारिलू दियाझ-आबायाला नॅशनल आर्टिस्ट हा तिकडचा सगळ्यात मोठा किताब मिळाला. लॉरिसचं नाव त्या यादीत नव्हतं.