फायरफॉक्समधील प्रोफाइल लॉक

प्रोफाइल लॉक : एकच प्रोफाइल (वापरकर्त्याच्या माहितीचा संच) एकाच वेळी दोनदा उघडले जाऊ नये म्हणून फायरफॉक्स ब्राउझर सुरू होताना लावतो ते कुलूप. ते न मिळाल्यास ‘फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ अशा आशयाची सूचना येते. बुकमार्क, इतिहास व पासवर्ड प्रोफाइलच्या फोल्डरातच असतात. त्यांच्या जपणुकीसाठी ही अडवणूक असते.

युनिक्स या कार्यप्रणालीवर लॉक फाइल, म्हणजे ‘हे वापरात आहे’ असे सांगणारी फाइल, ठेवण्याची रीत ब्राउझरांहून जुनी आहे. यूयूसीपी ही युनिक्स संगणकांत फाइलींची देवाणघेवाण करणारी प्रणालीही मोडेमसाठी अशी फाइल ठेवत असे. तरी फायरफॉक्सचे (२००४) कुलूप थेट नेटस्केप या जुन्या ब्राउझरकडून आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नेटस्केप ‘लॉक’ नावाची सिम्बॉलिक लिंक (लक्ष्य म्हणून दुसऱ्या फाइलचे नाव धरणारी खूण) ठेवी. ती कोणत्याही खऱ्या फाइलकडे नेत नसे. लक्ष्याच्या जागी संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखक्रमांक) व प्रक्रियेचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक असे. लिनक्सवर फायरफॉक्स आजही तशीच लिंक ठेवतो, उदा., ‘१२७.०.१.१:+३४५६’. यातील अधिक चिन्ह महत्त्वाचे आहे. फायरफॉक्स आधी ‘डॉट पेरेंटलॉक’ या फाइलवर एफसीएनटीएल कुलूप (कार्यप्रणाली स्वतः सांभाळते असे कुलूप) मागतो व ते मिळाले तरच हे चिन्ह लावतो. ब्राउझर कोसळला की एफसीएनटीएल कुलूप आपोआप सुटते, लिंक मात्र मागे राहते. पुढच्या खेपेला कुलूप मिळाले आणि जुन्या लिंकवर अधिक चिन्ह दिसले, की ती शिळी ठरते व बदलली जाते. होम फोल्डर (वापरकर्त्याचा स्वतःचा फोल्डर) एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर, असेल, तर एफसीएनटीएल चालेलच असे नाही. मग केवळ लिंकवर भिस्त राहते आणि दुसऱ्या संगणकाच्या पत्त्याची शिळी लिंक हातानेच काढावी लागते.

विंडोजवर ‘पेरेंट डॉट लॉक’ ही फाइल इतर कुणाला उघडता येणार नाही अशा रीतीने धरून ठेवलेली असते. तेथे फाइल दिसणे म्हणजे कुलूप असणे नव्हे. ती पुसता आली, तर बहुधा ती कुणी धरलेलीच नव्हती. दोष अन्यत्र शोधावा.

उपाय करताना क्रम पाळावा. आधी टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्सच्या उरलेल्या प्रक्रिया बंद कराव्यात. चालू प्रक्रियेच्या पाठीमागे लॉक फाइल पुसू नये. त्यामुळे माहितीच धोक्यात येते. फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसली तरी हीच सूचना येऊ शकते. प्रोफाइल सापडत नसल्याची सूचना वेगळी. तिचे कारण बहुतेकदा फोल्डर हलवणे किंवा त्याचे नाव बदलणे हे असते. तेव्हा ‘फायरफॉक्स -पी’ या आदेशाने प्रोफाइल व्यवस्थापक उघडावा.

लिनक्सवरील क्रोमही ‘सिंगलटनलॉक’ नावाची अशीच लिंक ठेवतो. तिच्यात आयपी पत्त्याऐवजी संगणकाचे नाव असते.