छोटी शाळा की लर्निंग सेंटर? प्रवेशाआधी हे तपासा

बंगल्यात भरणारे वर्ग, वर्गात दहा-बारा मुलं, शिक्षिकेला ‘ताई’ म्हणायची मोकळीक. मान्यताप्राप्त छोटी शाळा आणि शाळेची मान्यता नसलेलं लर्निंग सेंटर, दोन्ही बाहेरून अशीच दिसतात. ‘आमची संस्था रजिस्टर्ड आहे’ हे उत्तरही दोन्हीकडे मिळतं आणि पालकांची गफलत तिथेच होते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी ट्रस्टची असते. शाळेला मान्यता वेगळी घ्यावी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही.

महाराष्ट्रातल्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाविना चालणाऱ्या शाळेकडे दोन कागद मागा: अशा शाळांसाठीच्या २०१२ च्या कायद्याखालची अंतिम परवानगी आणि आरटीईचं नमुना २ मान्यता प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरची मुदत आणि इयत्ता नीट वाचा. नुसतं इरादापत्र दाखवलं, तर परवानगी अजून मिळायची आहे. बरेचदा सुरुवात चांगल्या बालवाडीने होते, पालकांच्या आग्रहाखातर दरवर्षी एक वर्ग वाढतो आणि पहिली-दुसरी कागदाविनाच सुरू होते. ‘सीबीएसई पॅटर्न’ म्हणजेही संलग्नता नव्हे.

मग यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक विचारा. तो ११ अंकी असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. यूडायसच्या पोर्टलवर टाकून शाळेचं नाव, पत्ता आणि इयत्ता जुळतात का पाहा. काही सेंटरं मुलांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर घालतात. म्हणून थेट विचारा: ‘दाखल्यावर कोणत्या शाळेचं नाव येणार?’ उत्तर टाळलं, तर प्रवेश घेऊ नका.

कागद चोख असले म्हणजे शिकवणं चांगलं, असं मात्र नाही. कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात, वर्ग कितीही असोत. म्हणजे पाच इयत्तांची ४० मुलं दोघींनी सांभाळणं नियमात बसतं. त्यातली एक रजेवर गेली की पाचही इयत्ता एकीच्या गळ्यात. तेव्हा बदली कोण येतं आणि गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हे विचाराच. चालू तासाला अर्धा तास बसायची परवानगी मागा. ताई पहिलीचं वाचन घेत असताना तिसरीची मुलं काय करतात, तिकडे लक्ष द्या. त्यांच्या हातात आपापलं काम असेल आणि अडलं की ती एकमेकांना विचारत असतील, तर बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकीने अनेक इयत्ता एकत्र शिकवणं, जमलेलं आहे. फळ्यावरचा उतारा नुसता उतरवून घेत असतील, तर लहान पटाचा मुलांना काही उपयोग नाही.

काही सेंटरांत शिकवणं खरोखर उत्तम असतं, हेही मान्य करायला हवं. तिथलं मूल अगदी अडकून पडत नाही; कायद्याने त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो आणि सरकारी शाळेत तो सहसा मिळतो. नावाजलेली खासगी शाळा मात्र ‘जागा नाही’ म्हणून मोकळी होते. शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत जातो, नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठी मान्यताप्राप्त शाळेत शिकणं लागतं. तरीही सेंटरच निवडायचं असेल, तर पुढच्या शाळेशी आत्ताच बोला, तिथल्या वरच्या वर्गात जागा निघते का ते विचारा आणि मुलाच्या वह्या व वार्षिक नोंदी जपून ठेवा.