एमसीबी आहे, मग शॉक लागणार नाही?

एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. 'बोर्डात एमसीबी बसवली की शॉकची भीती नाही' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. सांगली-मिरजेकडे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर, ड्रिल चालवणारे अनेकजण त्यावर विसंबून असतात. तसं वाटणं साहजिक आहे. बिघाड झाला की एमसीबी पडते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

पण ती पडते वायर वाचवण्यासाठी. १६ अँपिअरची एमसीबी जादा लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच लाइन तोडते. माणसाच्या जिवाला मात्र अंगातून गेलेला ०.१ अँपिअर करंटही पुरेसा होतो. एवढासा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो.

तो ओळखते आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा वेगळा स्विच. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, हे ती सतत पडताळते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून ग्राइंडरची सोललेली वायर हाताला लागली, तर थोडा करंट अंगातून जमिनीत जातो आणि हिशेब चुकतो. फरक ३० मिलिअँपिअर (०.०३ अँपिअर) झाला, की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी क्षणार्धात पडते. फेज आणि न्यूट्रल एकदम धरले तर मात्र तीही वाचवेलच असं नाही. अर्थिंगही हवंच.

तपासायला बोर्ड उघडू नका. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं, शेजारी ३० मिलिअँपिअर छापलेलं हवं. ३०० असेल तर ती माणसासाठी नाही. शेडमधला दिवा लावून बटण दाबा. ती पडली तरी दिवा चालूच राहिला, तर शेडची लाइन तिच्यातून घेतलेलीच नाही. बरेचदा असंच निघतं. मग लायसन्स असलेल्या वायरमनकडून ती लाइन आरसीसीबीतून फिरवून घ्या.