वेक वर्ड

सतत ऐकत असलेल्या संगणकप्रणालीला पुढचे बोलणे तिच्यासाठी आहे, हे कळवणारा ठरावीक शब्द किंवा छोटा शब्दगट. मराठीत ‘हाकेचा शब्द’ म्हणणे सयुक्तिक; पण व्यवहारात वेक वर्ड हेच नाव रुळले आहे.

या कल्पनेचा उगम बहुधा ‘रेडिओ रेक्स’ या अमेरिकी खेळण्यात शोधला जातो. ‘रेक्स’ अशी हाक मारली की सेल्युलॉइडचा कुत्रा आपल्या छोट्या घरातून उडी मारून बाहेर येई. त्याचा काळ कोणी १९११ देतात, कोणी १९२० नंतरचा. मात्र त्यामागच्या, ध्वनीने चालणाऱ्या विद्युतमंडल-नियंत्रकाचे (सर्किट चालू-बंद करणाऱ्या साधनाचे) संशोधक बर्जर यांचे पेटंट १९१६ चे असल्याने त्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. कुत्र्याला विद्युतचुंबक धरून ठेवी. सुमारे ५०० हर्ट्‌झच्या ध्वनीने मंडल तुटे आणि स्प्रिंग त्याला बाहेर ढकले. ‘रेक्स’मधल्या ‘ए’ स्वराचा पहिला फॉर्मंट, म्हणजे ऊर्जा जिथे एकवटते ती सर्वांत खालची वारंवारता, पुरुषांच्या आवाजात सरासरी ५३० हर्ट्‌झ, स्त्रियांच्या ६१० आणि मुलांच्या ६९० हर्ट्‌झच्या आसपास असतो. म्हणजे खेळणे मुलांचे, पण जुळणी मोठ्या पुरुषाच्या आवाजाशी. ते शब्द ओळखत नव्हते, ऊर्जा मोजत होते. म्हणून त्याला वेक वर्डचा पूर्वज म्हणावे, पहिला नमुना नव्हे.

१९९० च्या सुमारास हिडन मार्कोव्ह मॉडेलांवर (ध्वनींच्या क्रमाची शक्यता मांडणाऱ्या सांख्यिकी प्रारूपांवर) आधारित शब्दशोध पुढे आला. २०१४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी यासाठी लहान न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी गणनरचना) मांडले. त्याच वर्षी ॲमेझॉन एको हा हाकेने जागा होणारा स्पीकर बाजारात आला.

ॲप्लिकेशनमध्ये ही सोय दोन टप्प्यांत बसवतात. पहिला टप्पा हलका आणि सतत चालणारा. मायक्रोफोनचा आवाज सेकंदाला १६,००० नमुने, प्रत्येकी १६ बिट, या दराने रिंग बफरमध्ये, म्हणजे जुने पुसून नवे साठवणाऱ्या स्मृतीत, फिरत राहतो; दोन सेकंदांना ६४,००० बाइट पुरतात. हाकेला चिकटून आलेल्या आज्ञेची सुरुवात या बफरमुळेच हाती लागते. दर ८० मिलिसेकंदांनी निर्णय घ्यायचा, तर दिवसाला १०,८०,००० निर्णय होतात. लाखात एक चुकला तरी प्रणाली दिवसाला दहा वेळा विनाकारण जागी होईल. म्हणून हाक तीन-चार अक्षरांची, रोजच्या बोलण्यात न येणारी निवडावी. ॲपलच्या सहायकाची ‘सिरी’ ही हाक मराठी घरात ‘श्री’च्या फार जवळ जाते. हाक ओळखली गेली की दुसरा, जड टप्पा आज्ञेचा अर्थ लावतो. आज्ञा मोजक्या असतील तर त्यांची यादी आधीच दिल्याने अचूकता वाढते.

मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘पंखा बंद कर’ आणि ‘पंखा बंद करू नको’ या दोन्ही आज्ञांची सुरुवात एकच. ‘बंद’ ऐकताच कृती करणारी प्रणाली इथे नेमके उलटे काम करते. बोलणे थांबल्याची खात्री होईपर्यंत तिला थांबावेच लागते. आज्ञांच्या यादीत ‘कर’बरोबर ‘करा’ आणि ‘करशील का’ हीही रूपे घ्यावी लागतात.