वाडी समुद्राखाली कशी गेली? उंचीचे दोन पाये

कोकणातल्या वाड्यांचे ठिपके क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतले, इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून कार्टोडेम, म्हणजे उपग्रहाने मोजलेल्या उंचींचं रास्टर (चौकटी-चौकटींत आकडे भरलेला नकाशा) उतरवलं आणि प्रत्येक ठिपक्याखालचा आकडा उचलणारं ‘सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज’ हे साधन चालवलं. उंचीचा नवा रकाना आला. खाडीकाठच्या वाडीसमोर आकडा होता उणे 52! फाइलच बिघडली असं वाटून ती टाकून देऊ नका. आकडा बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्या पायापासून मोजलाय.

रेल्वे स्टेशनच्या पाटीवर असते ती समुद्रसपाटीपासूनची उंची. पाणी कुठून कुठे वाहील हे तीच सांगते. उपग्रहाला मात्र समुद्र ठाऊक नसतो. तो डब्ल्यूजीएस 84 नावाच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्यामुळे खरी समुद्रसपाटी, म्हणजे जिऑइड, या लंबगोलाच्या कुठे वर तर कुठे खाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती तब्बल 106 मीटर खाली आहे, जगात सर्वांत खोल. आपली किनारपट्टी त्याच खळग्याच्या उतारावर येते, म्हणून मुंबई-चिपळूण पट्ट्यात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या घरात जातो.

हिशेब सोपा आहे: लंबगोलावरच्या उंचीतून जिऑइडचा आकडा, म्हणजे तो लंबगोलाच्या किती वर किंवा खाली (उणे) आहे ते, वजा करायचा. जिऑइड समजा उणे 67 असेल, तर उणे 52 वजा उणे 67, म्हणजे वाडी 15 मीटरवर. मात्र सगळ्या जिल्ह्याला एकच 67 लावू नका, हा आकडा जागेनुसार बदलतो. जिऑइडचं रास्टर मिळतं. त्याच ठिपक्यांवर तेही सॅम्पल करा आणि फील्ड कॅल्क्युलेटर या रकान्यांच्या गणकात एका रकान्यातून दुसरा वजा करा.

एसआरटीएम या अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचींच्या रास्टरला ही वजाबाकी लागत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने केलेल्या त्या मोजणीतल्या उंची ईजीएम 96 या जिऑइडच्या गणिती नमुन्यावर आणूनच दिलेल्या आहेत. युरोपच्या कोपर्निकस प्रकल्पाच्या 30 मीटर डेमच्या (उंचीच्या रास्टरच्या) उंची ईजीएम 2008 या नंतरच्या नमुन्यावर असतात. तिथे पुन्हा वजाबाकी केलीत तर वाडी उगाच साठ-सत्तर मीटर वर चढते. (माडा-पोफळीच्या बागेत रडारची उंची झाडांमुळे थोडी वाढलेली येते, तो प्रश्न वेगळा.)

मला खरी भीती वाटते ती सरमिसळीची. निम्म्या वाड्यांची उंची मोबाइलच्या जीपीएसवरून घेतलेली, उरलेल्यांची एसआरटीएमवरून, आणि रकाना एकच. मोबाइलची काही अ‍ॅप दुरुस्त केलेली उंची दाखवतात, काही कच्चीच. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. अशा गावात आधी कोणती वाडी हलवायची हे या रकान्यावरून ठरणार असेल, तर सखल वाडी कागदावर उंच दिसणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून काम सुरू करण्याआधी किनाऱ्याच्या वाळूवर एक ठिपका टाका. शून्याच्या आसपास आकडा आला तर पाया समुद्रसपाटीचा. उणे साठ-सत्तर आला, तर आधी जिऑइडचं रास्टर शोधा.